ब्रेकातलं एरंडेल

माझं लग्न ज्या गावात लागायचं होतं, त्या गावातून मी न थांबता निघून गेलो.

बाशिंग बांधलेलं, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. वेशीवर सासरा उभा, पारावर मारुती उभा, मांडवाच्या दारात नवरीच्या मावश्या-आत्या आरती घेऊन उभ्या. सगळ्यांना मी मोटारीतून रामराम केला आणि पुढे गेलो. (मारुतीला तरी थांबायला पाहिजे होतं, असं आमची माय मरेपर्यंत म्हणत होती. तिला मोटारीतलं काही कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, पण मोटार माझ्या हातात होती.)

आता हे असं का झालं ते सांगायचं तर आधी मोटार सांगावी लागेल.

मी कळसाडीला गोविंदबापूंकडे सालदार होतो, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. बापू म्हणजे गुजर पाटील, कपाशी आणि ऊस पिकवणारा मोठा माणूस. पोटानेही मोठा. एका वर्षी कपाशी मनासारखी झाली आणि बापू सुरतेला गेले ते येताना मोटार घेऊन आले. मोटार म्हणजे घरातल्या माणसांना बसता येईल अशी नव्हे. ती होती विलायती, शर्यतीची, वरून उघडी, दोनच माणसांची. एका पारशाने विकली होती. त्याच्याआधी ती एका गोऱ्या साहेबाकडे होती आणि साहेबाच्या आधी कुठल्याशा राजाकडे. म्हणजे राजाला नको झाली, साहेबाला नको झाली, पारशालाही नको झाली, तेव्हा ती आमच्या बापूंना आवडली.

एवढी ठेंगणी की गल्लीतल्या कोंबड्या वाकून आत बघायच्या. बापूंच्या काकी एकदाच तिच्यात बसल्या आणि म्हणाल्या, घमेल्यात बसल्यासारखं वाटतं. बापू स्वतः बसले तर उतरताना दोघं माणसं लागायची, एक ओढायला आणि एक कोणी बघत नाही ना ते बघायला. मग चालवायची कोणी? तर भिकाने. भिका म्हणजे मी. का? तर मी विहिरीवरचं ऑइल इंजिन चालवायचो. बापूंचं म्हणणं असं की ज्याला बिनचाकाचं इंजिन येतं त्याला चाकाचं यायला काय हरकत आहे.

पारशाचा मेस्त्री मला शिकवायला चार दिवस कळसाडीला येऊन राहिला. चांगला माणूस. त्याने सगळ्यात जास्त वेळ ब्रेकवर घालवला. म्हणाला, हे बघ, तू पायाने दाबतोस, तर पाय चाकाला लागत नाही. मध्ये नळीत पातळ असं ब्रेकचं तेल आहे, ते चारी चाकांना ढकलतं. ते कमी झालं तर याच डब्यातलं घालायचं, दुसरं काही घालायचं नाही. डबा उघडला की झाकण घट्ट लावायचं, कारण ते हवेतलं पाणी पितं. फार दिवस उघडा राहिलेला डबा फेकून द्यायचा. आणि इंजिनाचं ऑइल, घासलेट, असलं काही तर फडक्याला लागलेलंसुद्धा जवळ न्यायचं नाही. आतलं रबर फुगतं आणि मग गाडी तुझी राहत नाही.

मी मान हलवत होतो. मान हलवण्यात अख्ख्या शहादा तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पण खरं सांगतो, त्यातलं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मेस्त्री जाता जाता सहज म्हणाला होता की हे तेल मुळात एरंडेलाचंच बनवतात. ते राहिलं, कारण तेवढंच मला समजलं होतं. एरंडेल तर आमच्या गोठ्यात मडकंभर होतं. बैलगाडीच्या आसाला आम्ही दुसरं काय लावायचो? मी मनात म्हटलं, घ्या! साहेब लोकांचं गुपित शेवटी आमच्या गोठ्यात निघालं.

त्या डब्याचं मी काय केलं तेही सांगून टाकतो. डबा सुंदर होता, वर इंग्रजी अक्षरं. मी तो लोकांना दिसावा म्हणून मोटारीच्या नाकावर ठेवायचो. एक दिवस उचलला तर खालचा रंग डब्याबरोबर उठून आलेला! गोल चकंदळ, भाकरीएवढं. मी घाईघाईने त्यावर कुंकवाचा स्वस्तिक काढला. बापू रोज सकाळी त्या स्वस्तिकाला हात जोडायचे आणि म्हणायचे, भिका मोटारीला देव मानतो. मी खाली बघायचो.

मग काकींचा झोपाळा वाजायला लागला. पितळी कड्यांचा मोठा झोपाळा, ओसरीत टांगलेला, दुपारभर कर्रर कर्रर. काकी म्हणाल्या, भिका, काही तरी लाव. मी डब्यातलं लावलं. झोपाळा गप्प झाला. हे कळल्यावर शेजारचा झोपाळा वाजायला लागला, मग त्याच्या शेजारचा. गुजर गल्लीत झोपाळे काय कमी? माझी वाहवा होत गेली आणि डबा हलका होत गेला. झाकणाचं तर मला नावही आठवत नव्हतं. ते काकींनी केव्हाच मिठाच्या बरणीला लावलं होतं.

याच काळात माझं लग्न ठरलं. मुलगी कोरीटची. नाव कमल. तिचे वडील नाना, कपाशी-मिरचीचे शेतकरी, कडक माणूस, गळ्यात तुळशीची माळ. नानांना जावई डायव्हर असण्याची मुळीच हौस नव्हती. बघण्याच्या कार्यक्रमातच त्यांनी माझ्या मामाला स्पष्ट विचारलं, "डायव्हर म्हंजे पेनारच ना?"

तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती. म्हणजे दारू मिळायची, पण मिळते असं म्हणायचं नाही. मी पीत होतो का? थोडी. म्हणजे मिळेल तेवढी. पण कमल चहा घेऊन आली, कप खाली ठेवताना तिने माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मी ताडकन उठून बाहेर अंगणात गेलो, काळ्या मातीची मूठ भरून आणली आणि नानांसमोर शपथ घेतली. दारू पिणार नाही, हातात धरणार नाही, दारूच्या सावलीत उभा राहणार नाही. (सावलीचं कोणी मागितलं नव्हतं. ते मी भरात वाढवलं.)

नाना म्हणाले, "ज्या दिवशी वास ऊना त्या दिवशी पोर परत लई जासू." म्हणजे वास आला की मुलगी परत. बरं. मी मान हलवली.

लग्न माघातलं, गोरज मुहूर्ताचं. म्हणजे गुरं घरी येतात त्या वेळेचं. बापूंनी मोठ्या मनाने सांगितलं की नवरदेव आमच्या मोटारीत जाईल, आणि चालवणारा दुसरा कोणी नसल्यामुळे नवरदेवच चालवेल. वऱ्हाडाच्या बैलगाड्या सकाळीच पुढे गेल्या. मी आणि माझा नथ्थूमामा दुपारून निघणार होतो.

हळद लागलेल्या नवरदेवाने मांडवाबाहेर पडू नये. मी पडलो. म्हटलं, मोटारीवर जरा फडकं मारावं. आत बसून पाय ठेवला तर ब्रेक सरळ तळाला! मध्ये काहीच नाही, चिखलात पाय गेल्यासारखा. पुढचं झाकण उघडून तेलाची वाटी बघितली, कोरडी. डबा बघितला, तोही कोरडा. गुजर गल्लीतले सगळे झोपाळे मात्र लोण्यासारखे चालत होते.

बापूंना सांगायचं तर प्रकरण झोपाळ्यापर्यंत गेलं असतं आणि झोपाळ्यावरून स्वस्तिकापर्यंत. मी गोठ्यात गेलो आणि एरंडेलाचं मडकं काढलं.

माघातली थंडी. एरंडेल काकवीसारखं घट्ट झालेलं. मडकं उलटं धरलं तरी ते विचार करून पडायचं. हे त्या बारीक नळीतून चारी चाकांना कधी पोचणार? पोचेपर्यंत माझ्या पोरांची लग्नं झाली असती. आता गाडीवाले थंडीत काय करतात? तेलात घासलेट मिसळतात. माझ्या बापाने मिसळलं, आज्याने मिसळलं. मेस्त्रीने घासलेटाबद्दल काही तरी सांगितलं होतं, असं अंधुक आठवत होतं. पण मी म्हटलं, त्या मेस्त्रीने जन्मात कधी बैल जुंपला होता का?

एवढ्यात जेमला आला. जेमला म्हणजे आमच्या उसाचा राखणदार, धडगावकडचा पावरा आदिवासी, माझा जुना सोबती. (सोबती कशातला ते आता शपथेमुळे सांगत नाही.) तो मडक्यात डोकावला. म्हणाला, "मव्हानी टाक ना भो. पातय व्हई जाई." त्यांच्याकडे गुडघे दुखले की एरंडेलात मोहाची दारू मिसळून चोळतात, ते झटकन पातळ होतं, असं त्याने सांगितलं आणि कमरेची बाटलीही पुढे केली.

माझी छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा मला दारूला नाही म्हणायची संधी मिळाली होती, आणि तीही दारूने स्वतः चालत येऊन दिलेली. मी दोन पावलं मागे सरलो, सावली पडू नये म्हणून. अंगाला हळद लावून, हातात एरंडेलाचं मडकं धरून मी जेमलाला व्यसनाने घर कसं बुडतं ते समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, गुडघ्याला तर चालतं. आणि गेला.

मी घासलेट घातलं.

आता नळीत हवा शिरलेली असते, ती काढावी लागते. मेस्त्रीने दोन माणसांचं काम सांगितलं होतं, एकाने पाय दाबायचा, दुसऱ्याने चाकापाशी बसायचं. दुसरा माणूस आणला तर बोभाटा झाला असता. मी डोकं लढवलं. चाकामागच्या तोटीला रबराची नळी लावली आणि तोंडाने ओढलं, हुक्का ओढतात तसं. हवा आली, मग थोडी हवा, मग एकदम तोंडभर एरंडेल आणि घासलेट! थुंकायच्या आत घोट गेला. बरं, चाकं चार. शेवटच्या चाकापर्यंत मी बऱ्यापैकी जेवलो होतो.

पण ब्रेक लागला! पाय ठेवला की दगडासारखा. मी अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. बापू ओसरीवरून म्हणाले, भिका, तुझ्यासारखा मेकॅनिक सुरतेत नाही. ते खरंच होतं. सुरतेत असा नव्हता.

निघालो. मामा शेजारी, गुडघे हनुवटीला लागलेले. तापी उतरायची तर पात्रात पाणी गुडघाभर, म्हणून तिथल्या एका शेतकऱ्याने बैल जोडून मोटार ओढून काढली. दोर कुठे बांधायचा विचारलं तर मी मोटारीखाली हात घालून एक चांगली ताणलेली तार दाखवली. पलीकडच्या काठावर ती तार बैलांबरोबर गेली. ती हातब्रेकची होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, मामा, गाडी हलकी वाटते.

कोरीटच्या अलीकडे पोटात पहिली कळ आली.

कळ म्हणजे साधी नव्हे. एरंडेल ते. लहानपणी माय नाक दाबून चमचाभर पाजायची तर आम्ही दिवसभर परसातून घरात यायचो नाही. इथे हिशोब चमच्यांचा नव्हता. मी घामेजलो. मामा म्हणाला, लग्नाच्या आधी असं होतंच, त्यालाही झालं होतं. मी म्हटलं, एवढं नसेल झालं. आणि पाय जरा जोरात पडला अ‍ॅक्सिलेटरवर, कारण आता मला मुहूर्तापेक्षा लवकर पोचायचं होतं.

कोरीटची वाट त्या बाजूने उताराची. समोर वेस दिसली. वाजंत्री दिसली, पाण्याचे तांबे घेतलेल्या बाया दिसल्या, मध्ये नाना, डोक्याला फेटा, हातात नारळ. नवरदेवाने वेशीवर थांबायचं, पायावर पाणी घ्यायचं, मग मारुतीला जायचं, मग वाजतगाजत मांडवात. मी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय तळाला गेला.

पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. घासलेटाने आपलं काम केलं होतं. मामा म्हणाला, "भिका, उभी कर गाडी."

"उभी ऱ्हात नही, मामा."

"मंग मी उतरी जास." आणि मामा खरोखर दार शोधायला लागला. त्या मोटारीला माझ्या बाजूला दार होतं, त्याच्या बाजूचं बापू एकदा उतरताना तुटलं होतं, तिथे दोरी बांधली होती. मामाने दोरी घट्ट धरली आणि डोळे मिटले.

गिअर बदलावा तर दांड्यावर मामाचा गुडघा. इंजिन बंद केलं, पण उताराला इंजिन लागत नाही. वाजंत्रीवाले फाकले, एक जण वाजवत वाजवतच गटारात उतरला, पण त्याने सूर सोडला नाही. मी नानांच्या समोरून गेलो. नारळ वर धरलेला तसाच. काही तरी करायला पाहिजे म्हणून मी कट्यारीचा हात कपाळाला लावून रामराम केला. मागून कोणी तरी पायावरचा तांब्या ओतला, ते पाणी रस्त्यावर पडलं.

मग पार आला. मारुतीला नमस्कार केला. मग मांडव आला. दारात आरत्या. कमलची आत्या ओवाळायला पुढे झाली, आणि मी गेल्यावर तिने ओवाळलं ती माझ्यामागे येणारी धूळ. मांडवाच्या आतून मला पिवळं लुगडं दिसलं, एवढंच. गल्लीतून गुरं येत होती, गोरजच ती. गाई मात्र शहाण्या, आपोआप भिंतीला लागल्या. एका म्हशीने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

गल्ली संपली तिथे नानांचं खळं. खळ्यात वर्षाची मिरची वाळवलेली, लालबुंद, नंदुरबारच्या बाजाराला न्यायची म्हणून आदल्याच दिवशी एका बाजूला ढीग करून ठेवलेली. मोटार त्या ढिगात शिरली. नुसती शिरली नाही, वेळ घेऊन शिरली, आम्हा दोघांवर मिरची कोसळेपर्यंत. मी त्या घाबरगुंडीतही ब्रेकवर पाय आपटतच होतो. आणि मिरचीत रुतून गाडी थांबल्यावर, ऐका, ब्रेक लागले! उशिरा लागले, पण असे लागले की सुटण्याचं नाव नाही.

आता माणसाने काय करावं? उतरावं, नानांच्या पाया पडावं. मी उतरलोही. पण उठून उभा राहिलो आणि पोट म्हणालं, आता. मागून अख्खं गाव "काय झालं, काय झालं" करत पळत येत होतं. पुढे कपाशीचं शेत होतं. मी बाशिंग बांधलेला, मुंडावळ्या उडताहेत, हातात कट्यार, असा कपाशीत पळत सुटलो.

मागून एक बाई ओरडली, "नवरदेव पयना!"

नवरदेव पळाला. ते मला कपाशीत बसल्या बसल्या ऐकू येत होतं. उठून सांगताही येत नव्हतं.

परत आलो तेव्हा खळ्यात कोरीट आणि कळसाडी समोरासमोर उभी होती आणि दोन्ही गावं शिंकत होती. मिरचीचा खकाणा उडालेला. भांडण करायचं तर एक वाक्य आणि चार शिंका. बायांचे डोळे गळत होते, माणसांचे गळत होते, भटजी उपरणं नाकाला लावून बसला होता. सगळं गाव रडत होतं, जणू लग्न नाही, कोणी गेलं आहे. नथ्थूमामाला अजून ढिगातून काढत होते.

नानांनी मला बघितलं. त्यांना एकच संशय. त्यांनी माझी हनुवटी धरली, म्हणाले, "तोंड उघड." मी उघडलं. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मिरचीने नाक बंद झालं असेल असं वाटून त्यांनी आपल्या भावाला बोलावलं. त्याने वास घेतला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"घासलेट पेस का रे तू?" नाना म्हणाले.

गर्दीत हे मागे मागे सरकत गेलं. नवरदेवाने दारू सोडली म्हणून घासलेट प्यायला लागला. कळसाडीच्या माणसांनीसुद्धा माझ्याकडे नव्या नजरेने बघितलं. मी म्हटलं नाही, तसं नाही, ते ब्रेकचं आहे. नाना म्हणाले, ब्रेक तोंडात असतो का? यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला लागलो की एरंडेल आलं असतं, आणि एरंडेल आलं की कपाशी आली असती. सासरच्या एवढ्या बायांसमोर? मी मुंडावळ्या सारख्या करायला लागलो.

नानांनी फेटा काढून हातात घेतला. आवाज चढवला नाही. म्हणाले, वेशीवर थांबला नाही, देवाला थांबला नाही, दारात थांबला नाही, आणि सापडला तर शेतात पळाला. "माले असा जवाई नही पाहिजे. गाडी ले आनि चालता व्हय."

कमलने कप ठेवताना वर बघितलं होतं ते आठवलं. मी मोटारीत जाऊन बसलो. वऱ्हाडाने ढकलली. हलली नाही. कोरीटच्या माणसांनीही हात लावला, जावई जात असेल तर बरंच, म्हणून. हलली नाही. बैल जोडले, तर चाकं फिरेनात, नुसती मिरचीतून घसरत गेली आणि आणखी खकाणा उडाला. सगळं गाव पुन्हा शिंकलं. येताना थांबत नव्हतो, आता जाता येत नव्हतं. असला नवरदेव काय करायचा!

तेवढ्यात बायांमधून वाट झाली आणि कमल आली. पिवळं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, मिरचीने डोळे लाल. आत्या तिला मागे ओढत होती. ती मोटारीपासून थोडी दूर उभी राहिली, माझ्याकडे न बघता मोटारीच्या चाकाकडे बघत म्हणाली, "एकच सांगा. पयी जावाना व्हतात का?"

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा.

मी बघितलं, नाना उभे, मामा उभा, मिरचीने लाल, भटजी उभा, दोन गावं उभी. म्हटलं, जाऊ दे अब्रू. तशीही ती वेशीवरच पुढे निघून गेली होती.

"नही," मी म्हटलं. "पोटमा एरंडेल गयं व्हतं. म्हनीसन पयनू."

आणि मग सगळंच सांगितलं. झोपाळे, घासलेट, रबराची नळी, चारी चाकं, जेमलाची बाटली आणि मी मागे सरलेली दोन पावलं. सांगताना मान वर केली नाही. कोणी हसलं नाही, नुसत्या शिंका. मग कमलने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. खांदे हलत होते. आत्या म्हणाली, अगं रडू नको. पण ती रडत नव्हती. हसता हसता खाली बसली, मिरचीतच.

नानांनी चाकापाशी वाकून बोट लावलं, वास घेतला. घासलेट. पुन्हा वास घेतला. एरंडेल. मग म्हणाले, "म्हंजे दारूले हात लावा नही तू."

"सावलीतबी उभा ऱ्हायनू नही, नाना."

नानांनी फेटा परत बांधायला घेतला. त्यांना खूप वेळ लागला, कारण मधून मधून शिंक यायची आणि फेटा सुटायचा. शेवटी भटजीला म्हणाले, मुहूर्त सरायच्या आत उरका.

लग्न खळ्यातच लागलं, कारण मांडवात जायला वेळ नव्हता. मंगलाष्टका शिंकांमधून ऐकू आल्या तेवढ्या आल्या. अंतरपाट धरलेला असताना मी भटजीच्या कानात काही तरी म्हटलं. भटजीने नानांना सांगितलं. नानांनी वाजंत्रीला हाताने खूण केली. वाजंत्री थांबली, भटजी थांबला, अक्षता हातात घेऊन दोन गावं थांबली, आणि नवरदेव कपाशीत जाऊन आला. कोरीटच्या जुन्या माणसांना विचारा, त्या सबंध लग्नात वेळेवर थांबला नाही तो फक्त मीच.

कोरीटला मी आजही घासलेट जवाई आहे. सासुरवाडीला गेलो की कोणी तरी घासलेटाच्या चिमणीला हात लावून म्हणतं, जवाई आले, चिमणी आत ठेवा.

पुढे सुरतेहून तोच मेस्त्री आला. त्याने कोरीटच्या खळ्यात बसून चाकं उघडली आणि रबराच्या वाट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. पुऱ्यांसारख्या टम्म फुगलेल्या. तो रागावला नाही, याचीच जास्त लाज वाटली. म्हणाला, डब्यातलं तेल म्हणजे एरंडेल आणि स्पिरीटच की. घासलेटाच्या जागी तू जरा दारू घातली असतीस, तर निदान लग्नापुरतं नक्की भागलं असतं.

मी घरी येऊन कमलला हे सांगितलं. जरा तोऱ्यातच सांगितलं. म्हटलं, बघ, तुझ्या बापापुढे घेतलेली शपथ पाळायला गेलो म्हणून हे झालं. जेमलाचं ऐकलं असतं तर मी रुबाबात वेशीवर थांबलो असतो.

कमल भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आनि दारू टाकेल तेल नळीमाईन तुम्ही कसानं ओढतात? तोंडवरीच ना?"

मी म्हटलं, हो, तोंडानेच.

"मंग वेशीवर थांबतात. नाना तोंड हुंगतात. आनि तथूनच परत धाडतात."

मी उठलो, गोठ्यात गेलो आणि बैलगाडीच्या आसाला एरंडेल घातलं. तेवढंच मला येतं.